उसना आवाज : इटालियन रहस्यपटांतील डबिंगची परंपरा

१९६० ते १९८५ या काळात रोममध्ये तयार झालेल्या अल्पखर्ची रहस्यपटांत पडद्यावर दिसणारा नट आणि त्याच्या तोंडून ऐकू येणारा आवाज बहुधा दोन वेगळ्या व्यक्तींचे असत. आज हे चित्रपट पाहणाऱ्याला ओठ आणि शब्द यांतील अंतर सर्वांत आधी खटकते, आणि स्वस्तातला धंदा म्हणजे हयगय आलीच असे समजून तो विषय सोडून देतो. वास्तविक आवाज आणि देह यांची ही फारकत हयगयीतून आलेली नव्हती. तिच्यामागे तीसच्या दशकातला सरकारी कायदा, कॅमेऱ्यांचा गोंगाट, तीन-तीन देशांच्या भांडवलावर उभा राहिलेला व्यापार आणि अंधाऱ्या खोलीत उभे राहून दुसऱ्याच्या ओठांवर शब्द बसवणाऱ्या कसबी नटांची एक पूर्ण जमात होती. या जमातीचा उल्लेख चित्रपटाच्या इतिहासात जेमतेम तळटीपेपुरता येतो, हा त्या इतिहासाचा मोठा उणेपणा आहे.

या रहस्यपटांना इटलीत ‘जाल्लो’ म्हणतात. मूळ शब्दाचा अर्थ पिवळा असा असून मिलानच्या मोन्दादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९ मध्ये पिवळ्या वेष्टनात गुन्हेकथांची मालिका काढल्यापासून इटालियन वाचक कोणत्याही रहस्यकथेला त्याच नावाने ओळखू लागला. चित्रपटांत या प्रकाराचा आरंभ सामान्यतः मारिओ बावा याच्या १९६३ सालच्या ‘ला रागात्सा के सापेवा त्रोप्पो’ (अति जाणणारी मुलगी) या चित्रपटापासून धरतात. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’ने हातमोजे घातलेला, चेहरा झाकलेला खुनी, फॅशनच्या दुनियेतील बळी आणि भडक रंगांची प्रकाशयोजना ही या प्रकाराची चौकट पक्की केली. १९७० मध्ये दारिओ अर्जेंतोचा ‘लुच्चेल्लो दाल्ले प्यूमे दी क्रिस्ताल्लो’ (स्फटिकपंखी पक्षी) गाजला आणि त्यानंतरची चार-पाच वर्षे अशा चित्रपटांचे अक्षरशः पेव फुटले.

आवाजाचा इतिहास मात्र जाल्लोच्या कितीतरी आधी सुरू होतो. इटलीतला पहिला बोलपट ‘ला कान्त्सोने देल्लामोरे’ १९३० मध्ये पडद्यावर आला आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात मुसोलिनीच्या सरकारने परकीय भाषेतील संवाद असलेल्या चित्रपटांना प्रदर्शनाची परवानगी नाकारली. सुरुवातीला वितरकांनी परदेशी बोलपटांतले संवाद काढून टाकून त्यांच्या जागी लिखित पाट्या घातल्या आणि बोलपट पुन्हा मूकपट करून दाखवले. पैसे मोजून बोलपट पाहायला आलेल्या प्रेक्षकाला ते रुचणे शक्यच नव्हते. दुसरा उपाय एकच चित्रपट निरनिराळ्या नटसंचांसह अनेक भाषांत पुन्हापुन्हा चित्रित करण्याचा होता. पॅरिसजवळच्या ज्वाँव्हिल येथे पॅरामाउंट कंपनीने हाच कारखाना उघडला होता, आणि प्रभातने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत काढला तोही बोलपटाने उभ्या केलेल्या याच पेचावरचा तोडगा होता. हा तोडगा खर्चिक असल्यामुळे युरोपात लवकरच मागे पडला आणि तयार चित्रपटावर दुसऱ्या भाषेचे संवाद चढवण्याची, म्हणजे डबिंगची, पद्धत रूढ झाली. अमेरिकन कंपन्यांनी आरंभी हे काम हॉलिवुडमध्येच तिथल्या स्थलांतरित इटालियनांकडून करून घेतले, पण त्यांची परदेशात मुरलेली इटालियन ऐकून मायदेशीच्या प्रेक्षकांना हसू आवरेना. १९३३ च्या हुकुमाने परकीय चित्रपटांचे इटालियन डबिंग इटलीतच झाले पाहिजे असे बंधन घातले, आणि रोममध्ये एक नवा धंदा कायमचा रुजला.

या धंद्याची प्रतिष्ठा मोठी होती, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. एमिलिओ चिगोली हा क्लार्क गेबल, गॅरी कूपर आणि जॉन वेन यांचा इटालियन आवाज होता. तीना लात्तांत्सी ग्रेटा गार्बोचा आवाज म्हणून ओळखली जाई. पुढे इटलीचा लाडका विनोदी नट ठरलेला आल्बेर्तो सोर्दी तरुणपणी ऑलिव्हर हार्डीच्या तोंडून बोलत असे. १९४४ मध्ये या कलावंतांनी स्वतःची सहकारी संस्था स्थापन केली आणि तिची आद्याक्षरे, ‘सी.डी.सी.’, पुढे अनेक दशके चित्रपटांच्या श्रेयनामावलीत झळकत राहिली. अशा कुशल माणसांची फौज हाताशी असल्यामुळे केवळ परदेशी चित्रपटांनाच नव्हे, तर देशी चित्रपटांनाही नंतर आवाज देण्याची सवय इटालियन दिग्दर्शकांना लागली. रोस्सेलिनीचा १९४५ चा ‘रोमा, चित्ता आपेर्ता’ वास्तवाचे जिवंत दर्शन म्हणून जगभर नावाजला गेला, पण त्याचे चित्रीकरण पैशाच्या तंगीमुळे बहुतांशी आवाजाविना झाले होते आणि संवाद मागाहून भरले गेले. व्हिस्कोन्तीने १९४८ च्या ‘ला तेर्रा त्रेमा’मध्ये सिसिलीच्या कोळ्यांची बोली जागेवरच मुद्रित केली, तो अपवाद ठरला. फेलिनीने तर या सोयीचे रूपांतर शैलीतच केले. चित्रीकरण चालू असता तो नटांना मोठ्याने सूचना देई, कित्येकांना संवादाऐवजी नुसते आकडे म्हणायला लावी आणि त्यांचे शब्द पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीत लिहून घेई. ज्या देशातला सर्वांत थोर दिग्दर्शक असे काम करीत होता, तिथे तीन-चार आठवड्यांत रहस्यपट उरकणाऱ्यांनी वेगळी वाट धरली असती तरच नवल.

जाल्लोच्या निर्मात्यांपुढे कारणे आणखी रोखठोक होती. चित्रीकरणासाठी वापरले जाणारे हलके कॅमेरे चालताना घरघर करीत, आणि तो आवाज दाबणारे ब्लिंप नावाचे जाड आवरण चढवले की कॅमेरा जड होऊन हातात धरणे किंवा अडचणीच्या जागी नेणे अशक्य होई. जाल्लोचा तर सारा जीव खुन्याच्या नजरेने सरपटत जाणाऱ्या कॅमेऱ्यात होता. रोमच्या रस्त्यांवरची वाहतूक थांबवण्याइतके पैसे कोणाजवळ नव्हते. साठच्या दशकाच्या सुरुवातीस टेक्निकलर कंपनीच्या इटालियन शाखेने टेक्निस्कोप नावाची पद्धत आणली. तीत प्रत्येक चौकटीसाठी फिल्मची चार छिद्रांऐवजी दोनच छिद्रांइतकी लांबी लागत असल्यामुळे निगेटिव्ह निम्मी पुरे आणि तरीही पडदा रुंद दिसे. फिल्मच्या पट्टीची अशी काटकसर करणाऱ्या व्यवसायाने जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च टाळला यात आश्चर्य नाही. आवाज जागेवर मुद्रित होत असे, पण तो केवळ आधारापुरता; मुंबईच्या चित्रपटसृष्टीत ज्याला पायलट ट्रॅक म्हणतात, तशी ती कच्ची पट्टी असे आणि नंतर संवाद म्हणणाऱ्याला कोण, कधी, काय बोलले याचा अंदाज देण्यापलीकडे तिचा उपयोग नसे.

याहून मोठे कारण होते सहनिर्मितीचे. १९४९ मध्ये फ्रान्सशी झालेल्या करारापासून इटालियन निर्मात्यांना परदेशी भागीदार घेऊन दोन्ही देशांच्या सवलती मिळवण्याचा मार्ग खुला झाला, आणि पुढे स्पेन व पश्चिम जर्मनी यांच्याशीही अशीच भागीदारी चालू झाली. भागीदार देशाचे पैसे आले की त्या देशाचे नटही येत. ‘सेई दोन्ने पेर लास्सास्सीनो’ हा इटली, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी यांचा संयुक्त चित्रपट होता, आणि त्याच्या नटसंचात अमेरिकन कॅमेरून मिचेल, हंगेरीत जन्मलेली एवा बार्तोक आणि जर्मन थॉमस राइनर हे खांद्याला खांदा लावून उभे होते. सेर्जिओ मार्तीनो याच्या १९७१ च्या ‘लो स्त्रानो व्हित्सिओ देल्ला सिन्योरा वार्ध’ची नायिका एडविज फेनेक अल्जीरियात जन्मलेली फ्रेंच भाषक होती आणि नायक जॉर्ज हिल्टन उरुग्वेचा होता. अशा संचात ज्याला जी भाषा येई ती तो बोले. समोरच्याचे वाक्य संपले हे त्याच्या चेहऱ्यावरून ओळखून आपले वाक्य सुरू करावे लागे. एका देशाच्या भांडवलाची दुसऱ्या देशाच्या बाजारपेठेशी सांगड घालताना चित्रपटाचे कुळही बदलले जाई. अर्जेंतोचा पहिला चित्रपट जर्मनीत रहस्यकथाकार ब्रायन एडगर वॉलेसच्या नावाखाली विकला गेला आणि मास्सिमो दाल्लामानोच्या १९७२ च्या ‘कोझा आवेते फात्तो आ सोलांज?’ला तिथे त्याचे वडील एडगर वॉलेस यांच्या रहस्यकथांवरील चित्रपट-मालिकेत जागा मिळाली.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीत काय घडे, ते जवळून पाहण्यासारखे आहे. संकलित चित्रपटाचे दोन-चार वाक्यांचे छोटे तुकडे करून प्रत्येक तुकड्याची टोके एकमेकांना जोडत, म्हणजे फिल्मचे एक वेटोळे तयार होई. इटालियनमध्ये त्याला ‘आनेल्लो’, म्हणजे अंगठी, म्हणत आणि मुंबईत त्यालाच लूप म्हणत. हे वेटोळे प्रक्षेपकात घातले की तोच प्रसंग पडद्यावर थांबल्याविना पुन्हापुन्हा दिसे, आणि डबिंग करणारा नट मंद दिव्याच्या उजेडात उंच चौरंगावर ठेवलेल्या संहितेसमोर उभा राहून दोन-तीन वेळा नुसता पाहत, मग हळू आवाजात ओठांबरोबर पुटपुटत आणि शेवटी खणखणीत बोलत ते वाक्य बसवीत असे. एक डोळा कागदावर, एक पडद्यावर आणि कान सहकलावंताकडे, अशी ती कसरत होती. शेजारी बसलेली सहायक ओठ आणि शब्द जुळले की नाहीत यावर नजर ठेवी, आणि काचेपलीकडून डबिंग-दिग्दर्शक अभिनयाचा कस लावी. एक तुकडा पसंत पडला की वेटोळे उतरवून दुसरे चढवीत, आणि त्या मधल्या क्षणांत नटाला नव्या प्रसंगाचा भाव अंगी आणावा लागे. कथेच्या क्रमाने काम होईलच याची खात्री नसल्यामुळे खून आधी आणि ओळखपाळख नंतर, असेही होऊ शकत असे.

संहिता तयार करणाऱ्याचे काम याहून किचकट होते. शब्दशः भाषांतराचा इथे उपयोग नसे, कारण वाक्याचा अर्थ, त्याची लांबी आणि ओठांची हालचाल या तिन्हींचा मेळ घालावा लागे. मराठी व्याकरणात ज्यांना ओष्ठ्य वर्ण म्हणतात, ते प, ब, म यांसारखे वर्ण उच्चारताना ओठ पूर्ण मिटतात, आणि जवळून घेतलेल्या दृश्यात नटाचे ओठ मिटलेले दिसत असता कानी ‘क’ किंवा ‘त’ पडला तर प्रेक्षकाला फसवणूक तत्काळ जाणवते. म्हणून संहिताकार आधी पडद्यावरचे मिटलेले ओठ मोजत आणि मग त्या जागी बसतील असे शब्द शोधत. नट पाठमोरा असेल किंवा अंधारात असेल तर ही सगळी बंधने गळून पडत, आणि कथेतली एखादी राहून गेलेली महत्त्वाची माहिती अशा पाठमोऱ्या क्षणीच प्रेक्षकाला सांगितली जाई. जाल्लोच्या गुंतागुंतीच्या, कधी कधी तर विस्कळीत कथानकांना या क्लृप्तीने कितीदा हात दिला असेल, याचा अंदाज जाणत्या प्रेक्षकाला ते चित्रपट पाहताना येत राहतो.

संवाद, पार्श्वसंगीत आणि इतर आवाज हे तिन्ही स्वतंत्र पट्ट्यांवर ठेवण्याची रीत होती. पावलांचे, दारांचे, काच फुटल्याचे आवाज खास कलावंत खोलीतच निर्माण करीत, आणि संवाद वगळून उरलेल्या संगीत व आवाजांच्या एकत्रित पट्टीला, जिला मुंबईच्या डबिंग-व्यवसायात एम अँड ई म्हणतात, परदेशी विक्रीत फार मोल असे, कारण ती हाती असलेल्या वितरकाला फक्त आपल्या भाषेतले संवाद भरायचे असत. पीटर स्ट्रिकलंडच्या २०१२ च्या ‘बर्बेरियन साउंड स्टुडिओ’ या ब्रिटिश चित्रपटात भाज्या आणि कलिंगडे फोडून हिंसेचे आवाज काढणारी सत्तरच्या दशकातली अशीच एक इटालियन ध्वनिशाळा उभी केली आहे.

इटालियन आवृत्तीइतकीच महत्त्वाची होती इंग्रजी आवृत्ती, आणि ती रोममध्येच बने. पन्नासच्या दशकात ‘क्वो वादिस’पासून ‘बेन-हर’पर्यंतचे अमेरिकन भव्यपट चिनेचित्ता या रोमच्या चित्रनगरीत चित्रित झाले आणि त्यांच्या निमित्ताने इंग्रजी बोलणारे अनेक नट, लेखक आणि तंत्रज्ञ शहरात येऊन स्थायिक झाले. पुढे हॉलिवुडने तिथला पसारा आवरता घेतला तरी ही माणसे मागे राहिली, आणि इटालियन चित्रपट अमेरिका-इंग्लंडात विकण्यासाठी लागणारे आवाज त्यांनीच पुरवले. साठच्या दशकात त्यांनी आपली संघटनाही बांधली. ‘इंग्लिश लँग्वेज डबर्स असोसिएशन’ हे तिचे नाव आणि एल्डा हे तिचे प्रचलित रूप. अमेरिकेहून आलेला टेड रुसॉफ, कॅरोलिन दे फोन्सेका, भारदस्त आवाजाचा एडवर्ड मॅनिक्स आणि अर्जेंतोच्या चित्रपटांच्या इंग्रजी आवृत्त्या बसवणारा निक अलेक्झांडर ही या वर्तुळातली ठळक नावे. माणसे मोजकी आणि चित्रपट शेकड्यांनी, त्यामुळे तेच आवाज फिरून फिरून येत. एका आठवड्यात पोलिस अधिकारी झालेला आवाज पुढच्या आठवड्यात खुनी होई. जेन मॅन्सफिल्डचा १९६७ मध्ये अपघाती मृत्यू झाल्यावर तिच्या प्रवासांवर बेतलेला एक चित्रपट अर्धवट राहिला, तेव्हा तिच्या नावाने सारे निवेदन दे फोन्सेकानेच केले. ज्या आवाजाला प्रेक्षक मॅन्सफिल्डचा समजत होते, तो त्याचा मालक कोण आहे हे न कळताच चित्रपटगृहांतून फिरत राहिला.

एकाच चित्रपटाला दोन इंग्रजी आवाज मिळण्याचे प्रसंगही आले. बावाच्या १९६० च्या ‘ला मास्केरा देल देमोनियो’ या भयपटाचे रोममध्ये केलेले इंग्रजी डबिंग अमेरिकन वितरकांना पसंत पडले नाही आणि त्यांनी न्यूयॉर्कच्या टायट्रा या संस्थेत संवाद नव्याने मुद्रित करवून घेतले. नायिका बार्बरा स्टील स्वतः इंग्रज असूनही तिचा आवाज त्यात नाही, आणि पुढेही इटलीतल्या तिच्या बहुतेक भूमिकांना दुसऱ्याच स्त्रियांनी आवाज दिले. ‘सेई दोन्ने’च्या बाबतीत मेरी आर्डन या नटीने चित्रीकरणाच्या वेळीच इंग्रजी संवाद सुधारून दिले होते, तरी अमेरिकन आवृत्तीसाठी ते पुन्हा मुद्रित झाले आणि कार्टूनपटांमुळे ज्याचा आवाज अमेरिकेतल्या घराघरांत पोचला होता त्या पॉल फ्रीजने कॅमेरून मिचेलसह अनेक पुरुषपात्रांना एकट्याने आवाज दिले. एक माणूस एकाच चित्रपटात संशयितही होतो आणि त्याची उलटतपासणी घेणाराही होतो, हे केवळ डबिंगमध्येच शक्य आहे.

रहस्यपट आणि डबिंग यांचे नाते मात्र सोय आणि व्यापार यांच्या पलीकडचे आहे. ज्या कथेत खुनी कोण हे शेवटपर्यंत लपवायचे असते, तिथे आवाज हा मोठा पुरावा असतो, आणि आवाजावर पूर्ण ताबा असलेल्या दिग्दर्शकाला तो हवा तसा लपवता येतो. फोनवरून येणारी खुन्याची कुजबूज स्त्रीची की पुरुषाची हे कळू न देणे, ती कुजबूज शेवटी ज्याच्यावर खून सिद्ध होणार त्याच्या नेहमीच्या आवाजाशी जुळू न देणे, हे जागेवरच्या ध्वनिमुद्रणात अवघड आणि खोलीत सहजसाध्य होते. बावाच्या १९६३ च्या चित्रपटात नायिका एका रिकाम्या घरात जाते आणि तिथे तिला बोलावणारा आवाज टेपरेकॉर्डरमधून येत असल्याचे उघड होते. अर्जेंतोच्या १९७१ च्या ‘इल गात्तो आ नोव्हे कोदे’मध्ये रहस्याचा धागा एका अंध माणसाच्या हाती लागतो, कारण रस्त्यालगत उभ्या मोटारीतले बोलणे त्याच्या कानी पडलेले असते.

या दृष्टीने ‘स्फटिकपंखी पक्षी’ हा फार विचारपूर्वक रचलेला चित्रपट आहे. रोममध्ये राहणारा अमेरिकन लेखक एका कलादालनातला हल्ला पाहतो, पण दोन काचेच्या दारांच्या मध्ये अडकल्यामुळे त्याला काहीच ऐकू येत नाही. त्याला चित्र दिसते, पण आवाज मिळत नाही, आणि म्हणूनच त्याने पाहिलेल्याचा अर्थ तो चुकीचा लावतो. पुढे खुन्याच्या फोनवरील बोलण्याच्या ध्वनिफिती पोलिस प्रयोगशाळेत तपासतात, तेव्हा दोन फोनवरचे आवाज दोन वेगळ्या व्यक्तींचे असल्याचे निष्पन्न होते, आणि रहस्याची किल्ली सापडते ती बोलण्याच्या पार्श्वभूमीला ऐकू येणाऱ्या एका दुर्मीळ पक्ष्याच्या आवाजात. ज्या चित्रपटातला प्रत्येक संवाद नंतर भरलेला आहे, त्याचे कथानक ध्वनिफीत, उसना आवाज आणि पार्श्वभूमीचा आवाज यांवर उभे राहावे, हा योगायोग मानता येत नाही. अर्जेंतो आपल्या व्यवसायाच्या कार्यपद्धतीलाच कथेत स्थान देत होता. त्यात तपास अधिकाऱ्याची भूमिका करणारा एन्रिको मारिया सालेर्नो हा सेर्जिओ लिओनेच्या वेस्टर्नपटांत क्लिंट ईस्टवूडचा इटालियन आवाज होता. दुसऱ्याच्या मुखातून बोलण्यात मुरलेला हा नट पडद्यावर ध्वनिफितीला कान लावून बसतो, त्या प्रसंगाला इटालियन प्रेक्षकाच्या दृष्टीने एक जादा अर्थ होता. त्याच्या पुढच्या पिढीतला जंकार्लो जान्नीनी १९७१ च्या ‘ला तारांतोला दाल व्हेंत्रे नेरो’मध्ये पोलिस अधिकारी झाला आणि पुढे अल पचिनोचा इटालियन आवाज म्हणून विख्यात झाला.

जाल्लोत स्त्रियांच्या किंकाळ्या, दबलेले श्वास आणि गुदमरलेले हुंदके यांचे प्रमाण मोठे असते, आणि ते सारे डबिंगमधल्या नट्यांनी उभ्याउभ्या, अंगाला कोणाचा हात न लागता निर्माण केलेले आहेत. शब्दाला निदान संहितेचा आधार असतो. श्वासाला तोही नसतो. पडद्यावरची स्त्री जिना चढते, थांबते, मागे वळते, तिचा गळा आवळला जातो, यांतल्या प्रत्येक क्षणाचा श्वास वेगळा, आणि तो डोळ्यांनी टिपून गळ्याने उमटवायचा. भीतीचा परिणाम साधण्यात या अनाम गळ्यांचा वाटा कॅमेऱ्याइतकाच आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

या पद्धतीला विरोध झाला नाही असे नाही. फेब्रुवारी १९६८ मध्ये आमाल्फी येथे आंतोनिओनी, पासोलिनी, बेर्तोलुच्ची आदी दिग्दर्शकांनी एका जाहीरनाम्याद्वारे डबिंगच्या अतिरेकाविरुद्ध आवाज उठवला. नटाचा आवाज हा त्याच्या अभिनयाचा अविभाज्य भाग असून तो काढून घेतल्याने चित्रपटाच्या अभिव्यक्तीलाच धक्का पोचतो, असा त्यांचा आशय होता. तक्रार रास्त होती. ट्युनिसियात वाढलेल्या क्लाउदिया कार्दिनालेला कितीतरी चित्रपट केल्यानंतर १९६३ मध्ये फेलिनीच्या ‘ओत्तो ए मेद्झो’मध्ये स्वतःचा आवाज वापरायला मिळाला, हे उदाहरण त्यासाठी पुरेसे आहे. परंतु अल्पखर्ची रहस्यपटांना हा युक्तिवाद जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यांत काढून घेण्याजोगा एक मूळ आवाज अस्तित्वातच नव्हता. परदेशी विक्री डोळ्यांपुढे असल्यामुळे अनेक नट चित्रीकरणात इंग्रजी वाक्ये, कधी अर्थ न समजताही, म्हणत. त्यामुळे कित्येक जाल्लोपटांत ओठ इटालियनपेक्षा इंग्रजी ध्वनिपट्टीशी अधिक जुळतात, तर संवादांची चव इटालियनमध्ये अधिक लागते. एका दृश्यात अमेरिकन नट इंग्रजीत, इटालियन नटी इटालियनमध्ये आणि जर्मन नट मोडक्या इंग्रजीत बोललेला असेल, तर कोणती पट्टी अस्सल, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

हा प्रकार मराठी प्रेक्षकाला वाटतो तितका परका नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटांतही गोंगाट करणाऱ्या ॲरिफ्लेक्स कॅमेऱ्यांमुळे संवाद मागाहून भरण्याची रीत दीर्घकाळ चालली. श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी भूमिकांना दुसऱ्या नट्यांनी आवाज दिले, ‘आखरी रास्ता’त तर रेखाने दिला, आणि २००१ च्या ‘लगान’मध्ये संवाद जागेवरच मुद्रित झाले तेव्हा ती बातमी ठरली. पार्श्वगायनाच्या बाबतीत मात्र आपल्याकडे वेगळे घडले. १९४९ च्या ‘महल’ या रहस्यपटातील गाण्याच्या तबकडीवर गायिकेच्या जागी चित्रपटातल्या पात्राचे, कामिनीचे, नाव छापले होते; श्रोत्यांनी आकाशवाणीकडे विचारणा केली आणि लता मंगेशकर हे नाव जाहीर झाले. गाणाऱ्या आवाजाला श्रोत्यांनी त्याचे नाव मिळवून दिले. बोलणाऱ्या आवाजासाठी तशी मागणी ना मुंबईत झाली, ना रोममध्ये. इटालियन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत फार तर संस्थेची आद्याक्षरे येत, आणि इंग्रजी आवृत्त्यांत बहुधा तेवढेही नसे. टेड रुसॉफ किंवा कॅरोलिन दे फोन्सेका यांची नावे आज सांगता येतात ती पुढच्या पिढीतल्या रसिकांनी जुन्या चित्रपटांतले आवाज कानाने ओळखून, एकमेकांशी ताडून आणि हयात कलावंतांना विचारून जमवलेल्या माहितीमुळे.

ही माहिती अजून अपुरीच आहे, पण तिच्यामुळे चित्रपट पाहण्याची रीत बदलली आहे. अर्जेंतोचा १९७५ चा ‘प्रोफोंदो रोस्सो’ परदेशी वितरणासाठी सुमारे वीस मिनिटांनी कापला गेला आणि कापलेल्या प्रसंगांची इंग्रजी ध्वनिपट्टी उपलब्ध नाही. त्यामुळे आज पूर्ण लांबीची आवृत्ती इंग्रजीत पाहणाऱ्याला काही प्रसंग एकाएकी इटालियनमध्ये ऐकावे लागतात. नायक डेव्हिड हेमिंग्ज स्वतःच्या इंग्रजीत बोलता बोलता परक्या आवाजाच्या इटालियनमध्ये शिरतो आणि पुन्हा बाहेर येतो. दारिया निकोलोदीची पत्रकार इंग्रजीत दे फोन्सेकाच्या आवाजात त्याच्याशी वाद घालते, आणि सात वर्षांनी अर्जेंतोच्याच ‘तेनेब्रे’च्या इंग्रजी आवृत्तीत तीच निकोलोदी थेरेसा रसेल या अमेरिकन नटीच्या आवाजात बोलू लागते. एकाच नटीच्या कारकिर्दीचा अभ्यास करायचा तर या सर्व आवाजांची नोंद ठेवणे भाग आहे, आणि चित्रपट-सूचींमध्ये आता नटांच्या नावापुढे आवाजाचा स्वतंत्र रकाना दिसू लागला आहे.